पाइनचे लाकूड : ओळख, गुणधर्म आणि उपयोग

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीची रांग उभी आहे. राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतील डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, फणस असे वृक्ष वाढतात. जिल्ह्यातील जुने वाडे, बैलगाड्या आणि शेतीची अवजारे यांची उभारणी अशाच लाकडांवर झाली. कोणत्या कामास कोणते लाकूड, हे येथील सुतारास पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. पाण्यात कुजत नाही म्हणून विहिरीच्या तळाशी जांभळाचे कडे, धक्के सोसते म्हणून गाडीच्या चाकास बाभूळ आणि ऊनपावसात आकार सोडत नाही म्हणून दाराच्या चौकटीस सागवान, अशी ही योजना असे.

या परंपरेत नसलेले एक लाकूड आज जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या प्रमाणावर दिसते. ते म्हणजे पाइन. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील कारखान्यांत बीडाच्या ओतीव वस्तू बांधून पाठविण्याच्या पेट्या, त्यांखालचे पाट, ओतकामाचे नमुने, तसेच शहरांतील घरांत कपाटे आणि छताच्या पट्ट्या, अशा अनेक कामांत ते वापरले जाते. सह्याद्रीच्या जंगलात पाइन नैसर्गिकरीत्या वाढत नसल्याने त्याच्या गुणदोषांचे परंपरागत ज्ञान येथे फारसे नाही. त्यामुळे कोणी ते स्वस्त म्हणून कोठेही वापरतो, तर कोणी हलके म्हणून सर्वस्वी टाकाऊ ठरवितो. या दोन्ही समजुतींमुळे नुकसान होते. पाइनचे यश किंवा अपयश बव्हंशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे त्यातील पाण्याचे प्रमाण.

नाव एक, झाडे अनेक

मराठीत खोक्यांच्या फिकट, हलक्या लाकडास सरसकट ‘देवदार’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘देवदारी खोके’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र देवदार हा हिमालयातील निराळा वृक्ष आहे. त्याच्या लाकडास विशिष्ट सुगंध असून ते बरेच टिकाऊ असते. खोक्यांचे लाकूड बहुधा पाइनचे किंवा त्याच्या जवळच्या अन्य वृक्षांचे असते.

पाइनच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी चीड आणि कैल या हिमालयातील महत्त्वाच्या जाती होत. चिडाच्या खोडास खाचा पाडून मिळणाऱ्या रसापासून टर्पेंटाइन आणि राळ तयार करतात. आयात होणाऱ्या लाकडात रेडिआटा ही जाती विशेष परिचित आहे. तिचे मूळ स्थान अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा किनारा असले, तरी न्यूझीलंडमध्ये तिची विस्तीर्ण लागवड झाली असून तेथे साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षांत झाड तोडणीस येते. परदेशांतून येणारे ओंडके उतरविण्याचे देशातील प्रमुख केंद्र गुजरातमधील कांडला बंदर हे असून त्या परिसरात लाकूड कापण्याचा मोठा उद्योग वाढला आहे.

‘मऊ लाकूड’ म्हणजे काय ?

पाइनची गणना मऊ लाकडांत होते. हा शब्द फसवा आहे. सुईसारखी पाने आणि शंकूसारखी फळे असलेल्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडास मऊ आणि रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडास कठीण म्हणावयाचे, असे हे वर्गीकरण आहे. त्याचा प्रत्यक्ष कठीणपणाशी थेट संबंध नाही. आपल्याकडील काटेसावर आणि पांगारा यांची लाकडे नखाने दबतील इतकी नरम असूनही वर्गीकरणात ती कठीण लाकडांत मोडतात. उलट पाइनच्या काही जाती त्यांच्यापेक्षा कितीतरी बळकट असतात.

खरा भेद रचनेचा आहे. सागवानाच्या आडव्या छेदावर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पाइनमध्ये अशा नळ्या नसतात. त्याच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग काही मिलिमीटर लांबीच्या, अतिशय बारीक आणि पोकळ कोशिकांचा बनलेला असतो. या कोशिका एकमेकींना चिकटून खोडाच्या लांबीच्या दिशेने उभ्या असतात. त्यामुळे पाइनचा पोत एकसारखा असतो, रंधा सहज चालतो आणि पटाशीने बारीक कोपरेही स्वच्छ निघतात.

छेदावर दिसणारी वर्तुळे झाडाची वार्षिक वाढ दर्शवितात. प्रत्येक वर्तुळात फिकट रंगाचा नरम भाग आणि गडद रंगाचा घट्ट भाग असे दोन पट्टे असतात. गाभ्यालगतची पहिली आठ-दहा वर्तुळे बहुधा रुंद असतात. तो झाडाच्या बाल्यावस्थेतील भाग होय. त्यापासून काढलेली फळी कमी बळकट असते आणि वाळताना पिळवटते. म्हणून मोजमापाच्या किंवा भाराच्या कामास गाभा असलेली फळी वापरू नये.

वजन आणि बळकटी

बारा टक्के ओलावा असताना रेडिआटा पाइनचे वजन घनमीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम भरते. लाकडाच्या वखारीत प्रचलित असलेल्या घनफुटाच्या मापाने हे वजन साधारण १४ किलोग्रॅम होते. सागवानाचा घनफूट १८ किलोग्रॅमच्या आसपास आणि बाभळीचा त्याहूनही जड असतो. कोणत्याही लाकडाच्या कोशिकांच्या भिंतीचे द्रव्य घनमीटरला सुमारे १,५०० किलोग्रॅम वजनाचे असते. याचा अर्थ असा की, वाळलेल्या पाइनच्या फळीत जेमतेम एकतृतीयांश भाग भरीव असून उरलेली जागा मुख्यतः हवेने व्यापलेली असते.

या पोकळपणामुळेच पाइन हलके असते, खिळा सहज घेते आणि उष्णता सावकाश वाहते. पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णतावहनाची क्षमता एका शतांशाहूनही कमी असते. मात्र त्याच पोकळपणामुळे त्याचा पृष्ठभाग लवकर दबतो. जड वस्तू टेकली की खाच पडते, बुटाच्या टाचेचा ठसा उमटतो. सागवानाच्या मानाने पाइनचा पृष्ठभाग बराच नरम असला, तरी लांबीच्या दिशेने ताण आणि दाब सोसण्याची त्याची शक्ती वजनाच्या मानाने चांगली असते.

ही शक्ती सर्व दिशांना सारखी नसते. तंतूंच्या दिशेने फळी जितका दाब सोसते, त्याच्या मानाने आडवा दाब फारच कमी सोसते. ओतीव वस्तूचे सारे वजन एका अरुंद कडेवर आले, तर पेटीची तळफळी दबून फाटते. तेथे रुंद पट्टी देऊन भार विभागला, तर तीच फळी पुरेशी ठरते. गाठीजवळ तंतू वळलेले असतात, म्हणून भार सोसणाऱ्या पट्टीच्या मध्यावर किंवा कडेवर मोठी गाठ नसावी.

लाकूड आणि पाणी

नुकत्याच कापलेल्या पाइनमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाइतके, कधी त्याहून अधिक पाणी असते. हे पाणी दोन ठिकाणी असते. काही कोशिकांच्या पोकळीत मोकळे असते, तर काही त्यांच्या भिंतींत मुरलेले असते. पोकळीतील पाणी निघून गेल्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि तेथून लाकूड आकसू लागते.

हे आकसणे तिन्ही दिशांना निरनिराळे असते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत रेडिआटा पाइन वर्तुळांच्या परिघाच्या दिशेने सुमारे ६.७ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे ३.४ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने ते सर्वसाधारणतः अर्ध्या टक्क्याहूनही कमी आकसते. सागवानाचे आकडे परिघाच्या दिशेने सुमारे ५.८ आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आहेत. दोहोंतील अंतर लोक समजतात तितके मोठे नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाइनची बदनामी पुष्कळदा ते ओले असतानाच वापरल्यामुळे झाली आहे.

वाळलेले लाकूडही स्थिर राहत नाही. ते हवेतील दमटपणाशी जुळवून घेत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातील ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ती ८५ टक्के झाली की हाच ओलावा १७ ते १८ टक्क्यांकडे जातो. चैत्र-वैशाखातील कोरडी हवा आणि आषाढ-श्रावणातील दमट हवा हे दोन्ही अनुभव कोल्हापूरकरांस दरवर्षी येतात. पावसाळ्यात दार घासते आणि उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फट पडते, ती याच कारणाने. हवेतील या फरकाचा विचार करूनच भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे विभाग पाडून निरनिराळ्या कामांसाठी लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत.

ओतकामाच्या नमुन्याचा हिशेब

शेतीचे पंप आणि तेलाची इंजिने यांच्या गरजेतून कोल्हापुरात ओतकामाचा धंदा वाढला आणि पुढे मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत पोहोचला. शिवाजी उद्यमनगर हे नाव या वाढीशी निगडित आहे. या धंद्याचा आरंभ लाकडापासून होतो. जी वस्तू ओतावयाची, तिचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, आधी तयार करतात. तो वाळूत दाबून काढला की पोकळी उरते आणि तीत वितळलेले बीड ओततात. नमुन्यात जी चूक असेल, तीच ओतीव वस्तूत उतरते.

निवताना बीड साधारण एक टक्का आकसते. कारागिरांच्या हिशेबाने हे प्रमाण फुटाला एकअष्टमांश इंच असते. म्हणून नमुना तितका मोठा करतात आणि त्यासाठी खास वाढीव मापांची पट्टी वापरतात. ३०० मिलिमीटर रुंदीच्या वस्तूसाठी ही वाढ सुमारे ३ मिलिमीटर येते.

आता लाकडाचा हिशेब पाहू. परिघाच्या दिशेने रेडिआटा पाइनचे एकूण आकसणे ६.७ टक्के असून ते तीस टक्के ओलाव्याच्या टप्प्यात घडते. म्हणजेच ओलाव्यातील प्रत्येक एक टक्का फरकामागे आकारात सुमारे ०.२२ टक्के फरक पडतो. मे महिन्यात दहा टक्के ओलाव्यावर तयार केलेला ३०० मिलिमीटर रुंदीचा नमुना उघडा राहिला आणि ऑगस्टमध्ये त्याचा ओलावा पंधरा टक्के झाला, तर त्याची रुंदी सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढेल. बीडाच्या आकुंचनासाठी जेवढी सूट पॅटर्नमेकरने काळजीपूर्वक ठेवली, तेवढाच फरक केवळ पावसाळी हवेने पडू शकतो. नमुना फुगला तर वस्तू जड होते आणि यंत्रकाम वाढते. उलट पावसाळ्यात केलेला नमुना उन्हाळ्यात आकसला, तर यंत्रावर घासण्यापुरती धातूही उरत नाही आणि वस्तू नाकारली जाते. वितळविण्याची वीज किंवा कोक, वाळू आणि मजुरी यांचा सारा खर्च एका ओल्या फळीपायी वाया जातो.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. पहिला उपाय फळी निवडण्याचा. फळीच्या टोकाकडून पाहिले असता वर्तुळांच्या रेषा जाडीत उभ्या दिसल्या, तर ती त्रिज्येच्या दिशेने कापलेली असते. तिची रुंदी परिघाच्या दिशेने कापलेल्या फळीच्या निम्म्यानेच कमीजास्त होते. वरील उदाहरणातील ३.३ मिलिमीटरचा फरक अशा फळीत सुमारे १.७ मिलिमीटरवर येतो. दुसरा उपाय बांधणीचा. एकच रुंद फळी न घेता अरुंद पट्ट्या सरसाने जोडाव्यात. गोल नमुन्यासाठी तुकड्यांची कडी एकावर एक अशी रचावीत की एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येणार नाही. तिसरा उपाय लेपाचा. लाखेचे किंवा अन्य योग्य पॉलिश सर्व बाजूंनी, विशेषतः फळीच्या टोकांना, द्यावे. लेपाने ओलावा पूर्णपणे थांबत नाही, पण त्याची ये-जा मंदावते आणि दमट वाळूशी येणारा संपर्कही सुसह्य होतो.

वारंवार वापरावयाच्या नमुन्यांसाठी पाइनपेक्षा सागवान, ॲल्युमिनियम किंवा कृत्रिम राळेचे ठोकळे अधिक योग्य ठरतात. वाळूच्या घर्षणाने पाइनच्या कडा लवकर झिजतात. मात्र थोड्या नगांसाठी किंवा पहिल्या चाचणीसाठी पाइनचा नमुना लवकर होतो, सहज दुरुस्त करता येतो आणि उचलण्यासही हलका पडतो.

पेटी बांधताना

निर्यातीच्या मालाच्या पेटीसाठी पाइन विशेष सोयीचे आहे. ते हलके असल्याने वाहतुकीचा भार वाढत नाही, खिळे ठोकताना कठीण लाकडाइतके फाटत नाही आणि सारख्या मापाच्या फळ्या मिळतात. फळीच्या टोकाजवळ खिळा मारावयाचा असल्यास आधी गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळल्यावर सैल होतो. पेटी कारखान्यातून घट्ट निघून बंदरावर खिळखिळी झालेली आढळते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

ओल्या पेटीचा दुसरा धोका गंजाचा. समजा, एका पेटीतील लाकडाचे पूर्ण कोरडे वजन ५० किलोग्रॅम आहे. लाकडात तीस टक्के ओलावा असेल तर त्यात १५ किलोग्रॅम पाणी असते. पंधरा टक्के ओलाव्यावर ते साडेसात किलोग्रॅम राहते. उरलेले साडेसात लिटर पाणी समुद्रप्रवासात बंद डब्यातील हवेत मिसळते आणि रात्री थंड झालेल्या धातूवर दवासारखे जमते. यंत्रावर गुळगुळीत केलेल्या भागावर तांबेरा चढण्यास एवढे पाणी पुष्कळ होते. गंजरोधक कागद आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या उपयोगी आहेत, पण ओल्या पेटीपुढे त्यांचा टिकाव लागणे कठीण.

लाकडी पेट्यांतून एका देशातील कीड दुसऱ्या देशातील जंगलांत पोहोचते, असा अनुभव जगभर आला. पाइनची झाडे सुकविणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमीने जपानमधील पाइनची वने मोठ्या प्रमाणात नष्ट केली. १९९९ साली तो पोर्तुगालमध्येही आढळला. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ साली पंधरावे मानक स्वीकारण्यात आले, ते अशा किडींचा प्रसार रोखण्यासाठीच. त्यानुसार बांधणीचे लाकूड साल काढलेले असावे आणि त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकवावे, किंवा मान्य धुरी द्यावी लागते. प्रक्रिया झालेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचे संकेताक्षर, केंद्राचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण छापतात. ‘एच. टी.’ ही उष्णता प्रक्रियेची आणि ‘एम. बी.’ ही मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीची खूण होय. भारतात अशा केंद्रांना केंद्र शासनाचे वनस्पती संरक्षण, विलगवास व साठवण संचालनालय मान्यता देते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘एच. टी.’ ही खूण कीड मेल्याची ग्वाही आहे, लाकूड वाळल्याची नव्हे. अर्धा तास तापविलेले ओले लाकूड ओलेच राहू शकते आणि त्यावर पुढे बुरशीही धरू शकते. म्हणून खरेदीदाराने खुणेबरोबरच ओलाव्याची मर्यादाही लेखी ठरवून घ्यावी.

कीड, बुरशी आणि संरक्षण

लागवडीचे पाइन कोवळे असल्याने त्यात सालीकडील फिकट भागाचे, म्हणजे रसकाष्ठाचे, प्रमाण जास्त असते. या भागास वाळवी आणि बुरशी यांपासून नैसर्गिक संरक्षण नसते. फळीवर कधी निळसर-करडे पट्टे दिसतात. तो एका बुरशीचा डाग असतो. त्याने रंग बिघडतो, बळकटी फारशी कमी होत नाही. मात्र लाकूड बराच काळ ओले राहिल्याचे ते लक्षण आहे. लाकूड कुजविणारी बुरशी निराळी. ओलावा वीस टक्क्यांखाली राखला तर ती सहसा वाढू शकत नाही. वाळवीस मात्र कोरडेपणा पुरेसा अडथळा ठरत नाही. तिच्यासाठी जमिनीशी संपर्क तोडणे आणि औषध देणे हेच मार्ग आहेत.

पाइनचे रसकाष्ठ औषध चांगले शोषून घेते, ही त्याची जमेची बाजू होय. लाकूड संरक्षणाच्या इतिहासात भारताचे नाव या संदर्भात जगभर पोहोचले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंती कामेशन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण शोधून काढले. दाबाने मुरविलेल्या या मिश्रणामुळे पाइनसारखे लाकूड विजेच्या खांबांसाठी आणि कुंपणासाठी अनेक वर्षे टिकू लागले. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी घरगुती कामांत त्याच्या वापरावर बंधने आणली आणि आर्सेनिकविरहित मिश्रणे प्रचारात आली. घरातील कोरड्या जागी बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण उपयोगी पडते. मात्र ते पाण्याने धुऊन जात असल्याने उघड्यावर चालत नाही.

औषध दिलेले लाकूड चुलीत किंवा बंबात कधीही जाळू नये. त्याचा धूर आणि राख दोन्ही घातक असतात. जुन्या पेट्यांच्या फळ्यांचे पाट, स्टुले, मांडण्या करण्याची चांगली प्रथा आपल्याकडे आहे. अशा वेळी फळीवरील खूण वाचून घ्यावी. ‘एम. बी.’ खुणेची किंवा रसायन सांडलेली फळी स्वयंपाकघरासाठी आणि मुलांच्या वस्तूंसाठी वापरू नये.

घरबांधणीतील स्थान

छताच्या पट्ट्या, भिंतीचे अस्तर, कपाटांचे सांगाडे, मांडण्या, पलंग आणि खेळणी यांसाठी वाळविलेले पाइन उत्तम होय. लहान तुकडे बोटांसारख्या खाचांनी जोडून केलेल्या फळ्याही मिळतात. गाठी काढून टाकलेल्या असल्याने त्या बऱ्याच सरळ राहतात. गाठींतून राळ पाझरून रंग पिवळा पडू नये म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा.

न्हाणीघराची चौकट, जमिनीत पुरावयाचा खांब, सतत भिजणारी पायरी यांसाठी साधे पाइन वापरू नये. तुळई किंवा वासा करावयाचा असल्यास लाकडाची प्रत आणि माप तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. सागवानाच्या तुळईचे माप पाहून तेवढ्याच मापाचे पाइन घालणे धोक्याचे असते. आगीच्या दृष्टीनेही विचार हवा. जाड पाइन पेटल्यावर मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर खोल कोळसा होत जाते आणि आतला भाग काही काळ भार सोसतो. पातळ पट्ट्या मात्र झपाट्याने पेट घेतात, म्हणून चुलीच्या आणि विजेच्या जोडण्यांच्या निकट त्या लावू नयेत.

खरेदी आणि साठवण

ओलावा मोजण्याचे विजेचे लहान यंत्र बाजारात मिळते. ते नसले तरी तराजू आणि भट्टी पुरे. फळीच्या टोकापासून काहीसा आतला एक तुकडा कापून लगेच वजन करावे. नंतर तो सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानात वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. पहिले वजन २५० ग्रॅम आणि शेवटचे २०० ग्रॅम आले, तर गेलेल्या ५० ग्रॅम पाण्याला कोरड्या २०० ग्रॅमने भागून ओलावा पंचवीस टक्के ठरतो. अशी फळी पेटीसाठीही ओली आणि नमुन्यासाठी तर सर्वस्वी अयोग्य होय.

फळ्या जमिनीपासून उंच ठोकळ्यांवर, छपराखाली रचाव्यात. प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या पट्ट्या सुमारे दोन फूट अंतरावर ठेवाव्यात आणि वरपासून खालपर्यंतच्या पट्ट्या एका रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. टोके लवकर वाळून चिरतात, म्हणून त्यांना रंग किंवा मेण लावावे. एक इंच जाडीची फळी कोरड्या हंगामात दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी वाळते. पावसाळ्यात मात्र कितीही दिवस ठेवली तरी हवेच्या दमटपणाखाली तिचा ओलावा जात नाही. ज्यांना वर्षभर पुरवठा करावयाचा आहे, अशा लहान कारखान्यांनी वाळवणीची भट्टी असलेल्या केंद्राकडून माल घेणे किंवा एकत्र येऊन अशी सोय करणे हिताचे ठरेल.

राधानगरी अभयारण्यासह पश्चिम घाटातील निवडक क्षेत्रांचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. या डोंगरांतील जुने वृक्ष पेट्यांसाठी तोडावे लागू नयेत, यास लागवडीच्या पाइनचा हातभार लागतो. तथापि, ते झाडही पंचवीस-तीस वर्षे वाढून, समुद्र ओलांडून येथे आलेले असते. न वाळविल्यामुळे त्याची फळी एका पावसाळ्यात वाकली किंवा कुजली, तर तिच्या जागी दुसरे झाड तोडावे लागते. जांभूळ पाण्यासाठी आणि बाभूळ चाकासाठी निवडणाऱ्या सुताराने लाकूड ओळखून वापरले. पाइन ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे ते विकत घेण्याआधी त्यातील ओलावा मोजणे.